मूक देहाची भाषा : वुडी स्ट्रोडच्या अभिनयाचा विचार

भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिकाचा उल्लेख प्रथम येतो. आपल्या नाट्यसमीक्षेने मात्र दीर्घकाळ वाचिकालाच अग्रस्थान दिले. गाणारा, बोलणारा, पल्लेदार स्वगते म्हणणारा नट तो खरा नट, ही धारणा संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात रुजली आणि बोलपट आल्यावरही ती फारशी ढळली नाही. ज्याच्या वाट्याला थोडे शब्द आले, किंवा आले ते ज्याला पेलले नाहीत, अशा नटाविषयी काय म्हणावे हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला. अमेरिकन चित्रपटनट वुडी स्ट्रोड (१९१४-१९९४) याची कारकीर्द हा प्रश्न अत्यंत स्पष्ट रूपात पुढे ठेवते. त्याच्याविषयी सामान्यतः दोन मते आढळतात. स्ट्रोड हा मूळचा खेळाडू, त्याला अभिनय येत नव्हता, दिग्दर्शकांनी त्याच्या भव्य शरीराचा उपयोग करून घेतला इतकेच, असे एक मत. कृष्णवर्णीय माणसाला पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून देणारा तो आद्य नट होय, हे दुसरे. पहिल्या मतात अभिनयाची व्याख्या तोकडी आहे. दुसऱ्यात नटाचे कौतुक आहे, पण त्याने नेमके काय केले याचा शोध नाही. तो शोध घ्यायचा तर आरंभ क्रीडांगणापासून करावा लागतो.

वुडरो विल्सन वुलवाइन स्ट्रोड याचा जन्म २५ जुलै १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शिकत असताना गोळाफेक, उंच उडी आणि दशस्पर्धा यांत त्याने प्रावीण्य मिळविले. तथापि त्याची कीर्ती झाली ती अमेरिकन फुटबॉलमुळे. १९३९ च्या हंगामात या विद्यापीठाच्या संघात केनी वॉशिंग्टन, जॅकी रॉबिन्सन आणि स्ट्रोड हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू प्रमुख होते, आणि त्या काळच्या महाविद्यालयीन खेळात ही गोष्ट अपूर्व होती. संघ त्या हंगामात एकही सामना हरला नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धचा अखेरचा सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. तो पाहण्यासाठी एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. हाच रॉबिन्सन पुढे १९४७ साली बेसबॉलच्या प्रमुख संघांतील वर्णभेदाची भिंत पाडणारा म्हणून जगप्रसिद्ध झाला.

स्ट्रोड संघात 'एंड' या जागी खेळे. रांगेच्या टोकाला उभे राहायचे, इशारा होताच धावत सुटायचे, आणि दुरून फेकलेला चेंडू नेमक्या क्षणी नेमक्या ठिकाणी पोचून झेलायचा, असे या जागेचे काम असते. चेंडू त्याच्या हाती क्षणभरच येतो; सामन्यातील बहुतेक वेळ स्तब्ध उभे राहण्यात, पाहण्यात आणि वाट पाहण्यात जातो. नटाच्या चरित्रात असले क्रीडाविषयक तपशील सहसा निरर्थक ठरतात. येथे ते ठरत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

पडद्यावर येण्यापूर्वीच हे शरीर एकदा प्रदर्शनात मांडले गेले होते. ह्यूबर्ट स्टोविट्स या चित्रकाराने अमेरिकन खेळाडूंची नग्न चित्रे काढली होती. त्यांचे प्रदर्शन १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये भरले. कृष्णवर्णीय आणि ज्यू खेळाडूंची चित्रे त्यात आहेत हे लक्षात येताच नाझी अधिकाऱ्यांनी ते बंद केले. स्ट्रोड हा त्या चित्रांच्या नमुन्यांपैकी एक होता. एका बाजूने आदर्श म्हणून न्याहाळला जाणारा आणि दुसऱ्या बाजूने त्याच कारणासाठी नाकारला जाणारा देह: स्ट्रोडच्या पुढील आयुष्याचे सूत्र त्या बंद पडलेल्या प्रदर्शनातच दिसते.

१९३३ च्या हंगामानंतर व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. लिखित नियम कोठेच नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणे कठीण होते. १९४६ साली क्लीव्हलँडचा 'रॅम्स' संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला खेळण्यासाठी कोलिसियम हे सार्वजनिक मैदान हवे होते. करदात्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मैदानावर वर्णभेद करणारा संघ कसा खेळू शकतो, असा सवाल कृष्णवर्णीय पत्रकारांनी केला, तेव्हा संघाने प्रथम वॉशिंग्टनला आणि मग स्ट्रोडला करारबद्ध केले. तेव्हा स्ट्रोड बत्तिशीला आला होता. खेळाडूच्या आयुष्यातील उत्तम वर्षे उलटून गेली होती. सबंध हंगामात त्याने अवघे चार चेंडू झेलले, आणि पुढल्या हंगामापूर्वी त्याला वगळण्यात आले. इतिहासात प्रवेशाचा दिवस नोंदला जातो. प्रवेश किती उशिरा मिळाला हे सहसा नोंदले जात नाही. पुढे तो कॅनडात गेला आणि १९४८ साली कॅलगरीच्या संघातून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून आला. त्या अंतिम सामन्यात इतर खेळाडू घोटाळले असता जमिनीवर पडलेला चेंडू उचलून तो धावला आणि त्यातूनच विजयी गुणांची वाट मोकळी झाली.

याच वर्षांत तो व्यावसायिक कुस्तीही करीत होता. आपल्याकडे कुस्ती म्हटले की कोल्हापूरचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. तिथली तांबडी माती आणि निकाली कुस्ती यांचा अमेरिकन व्यावसायिक कुस्तीशी काही संबंध नाही. ती एक प्रकारची नाट्यकलाच आहे. निकाल आधी ठरलेला असतो, आणि मल्लाला मार खाल्ल्याचा, चिडल्याचा, शेवटी उसळल्याचा अभिनय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळेल असा करावा लागतो. स्ट्रोडचे नाट्यशिक्षण झाले ते बहुधा येथेच. (आपल्याकडे दारा सिंग यांचा 'किंग काँग' १९६२ साली आला आणि मल्लाचा नट झाला, परंतु त्यांना नायकपद आरंभीच लाभले, हा फरक लहान नाही.)

पडद्यावरचा स्ट्रोडचा आरंभीचा काळ समीक्षकाला संकोचात टाकणारा आहे. अरण्यपटांतील टोळीप्रमुख, पहारेकरी, गुलाम अशा भूमिकांतून त्याची पहिली पंधरा वर्षे गेली. १९५२ साली बर्नार्ड शॉच्या नाटकावरून निघालेल्या 'अँड्रोक्लिस अँड द लायन' या चित्रपटात त्याने सिंहाचे कातडे पांघरून सिंहाचीच भूमिका केली. १९५६ च्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये तो इथिओपियाचा राजा झाला. पुढे जॉन फोर्डने १९६१ साली 'टू रोड टुगेदर'मध्ये त्याला कोमांची योद्धा केले आणि १९६६ साली 'सेव्हन विमेन'मध्ये मंगोल. १९६८ च्या 'शालाको'त तो अपाची झाला. गोरा नसलेला कोणताही माणूस दाखवायचा असला की स्ट्रोडला बोलवावे, असाच जणू शिरस्ता पडला होता. आहार्य अभिनयाचे हे विपरीत रूप होय. वेशभूषेने नटाला भूमिकेचे व्यक्तित्व द्यावे, ही अपेक्षा. येथे वेश बदलत गेला आणि व्यक्तित्व कोणतेच दिले गेले नाही. तेव्हा शीर्षकभूमिका आणि पुरस्काराचे नामांकन एवढ्यावरून त्याची कारकीर्द यशाची होती असे म्हणताना थोडे थबकावे लागते.

बदलाची पहिली खूण लुइस माइलस्टोनच्या 'पोर्क चॉप हिल' (१९५९) या कोरियन युद्धावरील चित्रपटात दिसते. फ्रँकलिन हा सैनिक लढाईतून अंग काढू पाहतो. कोरियासाठी आपण का मरावे, आपल्या देशात आपली जी स्थिती आहे तीसाठीही आपण मरायला तयार नाही, अशा आशयाचे तो बोलतो. संवाद उत्तम आहे, आणि स्ट्रोडने तो उत्तम म्हटला आहे असे मात्र म्हणवत नाही. आवाज एकसुरी आहे, आघात चुकतात. आणि तरीही प्रसंग परिणामकारक ठरतो. इतका बलिष्ठ देह आक्रसलेला, खंदकाच्या भिंतीला चिकटलेला दिसतो, आणि भीतीचा तो आकार शब्दांपेक्षा अधिक सांगून जातो. स्ट्रोडच्या बलस्थानाचे आणि मर्यादेचे इतके स्वच्छ दर्शन एकाच प्रसंगात अन्यत्र क्वचितच घडते.

१९६० साली त्याचे दोन महत्त्वाचे चित्रपट आले. त्याच वर्षाच्या १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात जाऊन शांतपणे बसून राहिले होते आणि त्या बसण्याने दक्षिणेत एक चळवळ पेटली होती. दोन्ही चित्रपटांचे चित्रीकरण त्याआधीच झाले असल्यामुळे यात प्रभावाचा प्रश्न येत नाही. परंतु प्रेक्षक त्या घटनेनंतर चित्रगृहात शिरत होता. हललेच नाही असे शरीर हेही एक विधान असू शकते, हे त्याला नुकतेच कळले होते.

स्टॅन्ली कुब्रिकच्या 'स्पार्टाकस'मधील द्राबा हा इथिओपियन ग्लॅडिएटर पडद्यावर फार थोडा वेळ असतो. आपले नाव सांगायला तो नकार देतो, कारण आखाड्यात ज्याला ठार मारावे लागेल त्याचे नाव ठाऊक नसलेले बरे. त्यानंतर रोमन पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्याची आणि स्पार्टाकसची जोडी लावली जाते. पहिली जोडी बाहेर लढत असताना हे दोघे एका लाकडी कोठडीत समोरासमोर बसून वाट पाहतात. बाहेरून शस्त्रांचे आवाज येतात, फटीतून थोडे दिसते. कर्क डग्लस या प्रसंगात अस्वस्थ आहे. त्याची नजर सतत फिरते. स्ट्रोड स्वस्थ बसतो. त्याचे डोळे समोरच्या माणसावर स्थिर आहेत. ही स्वस्थता निर्विकार नाही. रांगेच्या टोकाला उभे राहून इशाऱ्याची वाट पाहणाऱ्या खेळाडूची स्तब्धता ज्याने पाहिली असेल, त्याला ती ओळखू येईल. पुढील हालचाल तिच्यात आधीच साठवलेली असते. द्राबा लढाई जिंकतो, त्रिशूळ स्पार्टाकसच्या गळ्यावर टेकवतो, मारण्याची आज्ञा ऐकतो आणि मग वळून त्रिशूळ वर बसलेल्या रोमनांच्या दिशेने फेकतो. निर्णयाचा तो क्षण स्ट्रोडने चेहऱ्यावर जवळजवळ काहीच न दाखवता उभा केला आहे. सात्त्विक अभिनय म्हणजे स्वेद, रोमांच, अश्रू अशी यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रसंग अवश्य पाहावा. स्तंभ हाही आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे हे आपण पुष्कळदा विसरतो. द्राबा सज्जावर चढू पाहतो आणि क्रॅसस त्याच्या मानेवर वार करतो. त्याचे प्रेत ग्लॅडिएटरांच्या निवासात उलटे टांगले जाते. पटकथेतील बंडाचा उगम या टांगलेल्या देहात आहे. तथापि बंड पुढे नेणारा गोरा नायक आहे, आणि कृष्णवर्णीय माणसाचे मरण त्याच्या जागृतीचे निमित्त झाले आहे, हेही नमूद केले पाहिजे. या भूमिकेसाठी स्ट्रोडला गोल्डन ग्लोब पुरस्काराचे नामांकन मिळाले.

'सार्जंट रटलेज' या फोर्डच्या चित्रपटात स्ट्रोडची शीर्षकभूमिका आहे, परंतु नामावलीत पहिले नाव जेफ्री हंटरचे. नवव्या घोडदळातील एका कृष्णवर्णीय सार्जंटवर गोऱ्या मुलीवरील अत्याचाराचा आणि तिच्या व तिच्या पित्याच्या खुनाचा आरोप आहे. लष्करी न्यायालयात खटला चालतो. चित्रपटाचा मोठा भाग इतरांच्या साक्षींतून उलगडतो. म्हणजे रटलेज आपल्याला दिसतो तो दुसऱ्यांनी पाहिलेला. एका निर्जन रेल्वेस्थानकावर रात्री नायिका भयाने धावत असता अंधारातून एक काळा हात येऊन तिचे तोंड दाबतो. गोऱ्या प्रेक्षकाच्या मनातील सर्वांत जुने भय फोर्डने येथे हेतुपुरस्सर चेतविले आहे, आणि मग रटलेज तिचे रक्षण करीत होता हे दाखवून त्या प्रेक्षकाला ओशाळे केले आहे. डाव चतुर आहे. पण त्याची किंमत नटाला मोजावी लागते, कारण प्रथम त्याला भयाचा आकार व्हावे लागते.

स्ट्रोडने ही किंमत कशी वसूल केली हे पाहण्यासारखे आहे. न्यायालयातील दृश्यांत तो खुर्चीवर ताठ बसतो. साक्षीदार बोलतात, वकील हातवारे करतात, प्रेक्षक स्त्रिया कुजबुजतात, आणि या सर्व गडबडीत एकच आकृती अचल राहते. हळूहळू प्रेक्षकाची नजर बोलणाऱ्यांवरून सरकून न बोलणाऱ्याकडे वळते. शेवटी पळून जाण्याची संधी असताना परत का आलास, असा प्रश्न त्याला विचारला जातो. ही पलटण हेच आपले घर, आपले स्वातंत्र्य आणि आपला स्वाभिमान होता, तिला सोडले असते तर आपण माणूस राहिलो नसतो, असे तो सांगतो. येथे स्ट्रोडचा आवाज प्रथमच फुटतो. वाचिकाच्या कसोटीवर त्यात दोष काढता येतील. वाक्य शेवटी गळ्यात अडकते, उच्चार तुटतो. परंतु तासाभराच्या अचलतेनंतर आलेली ही तूट दोष वाटत नाही. धरण फुटावे तसे ते आहे, आणि धरण आधी बांधलेले होते म्हणूनच ते फुटू शकले. स्टुडिओला या भूमिकेसाठी एखादा नामवंत कृष्णवर्णीय नट हवा होता. फोर्डने स्ट्रोडचाच आग्रह धरला. सिडनी पॉइटिएने हे भाषण अधिक सफाईने केले असते यात संशय नाही. ते अधिक खरे झाले असते का, याविषयी संशय घेण्यास जागा आहे.

डोंगरउतारावरून घोडा दौडवीत येणारा कृष्णवर्णीय वीर पडद्यावर त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता, जॉन वेनसारखे ते दृश्य आपल्या वाट्याला आले, अशा अर्थाचे अभिमानाचे उद्गार स्ट्रोडने उतारवयात काढले होते. 'गोल डस्ट' (१९९०) हे त्याचे आत्मचरित्र सहलेखकाच्या साहाय्याने पंचाहत्तरी उलटल्यावर सिद्ध झाले. घटनांचा पुरावा म्हणून ते जपूनच वापरावे. स्वतःविषयीची त्याची भावना जाणून घेण्यासाठी मात्र ते मोलाचे आहे.

फोर्डच्याच 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मधील पॉम्पी ही भूमिका अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि वरवर पाहता ती तशी आहेही. टॉम डॉनिफन या गोऱ्या पशुपालकाचा तो नोकर. रटलेजनंतर अवघ्या दोन वर्षांनी स्ट्रोडला पुन्हा चाकरीला लावावे, याची खंत कोणालाही वाटेल. परंतु चित्रपटाचे अंतर्गत साक्ष्य बारकाईने पाहिले तर निष्कर्ष इतका सरळ राहत नाही. पॉम्पी वकिलाच्या शाळेत शिकायला बसतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील प्रसिद्ध वाक्य म्हणताना सर्व माणसे समान असल्याचे शब्दच त्याला आठवत नाहीत. तो भाग पुष्कळांच्या स्मरणातून निसटतो, असे गुरुजी सौम्यपणे सांगतात. लगेच डॉनिफन येतो आणि पॉम्पीला कामावर जायला फर्मावतो. प्रतिनिधी निवडण्याची सभा भरते तेव्हा आत मतदान चालू असते आणि पॉम्पी बंदूक घेऊन बाहेर पायरीवर बसलेला असतो. लोकशाहीचे रक्षण करणाऱ्याला तीत आवाज नाही, ही गोष्ट चित्रपटात कोणी उच्चारीत नाही. ती त्या बसण्यात आहे.

आणि मग तो निर्णायक प्रसंग. व्हॅलन्सला ठार मारणारा वकील नसून अंधाऱ्या गल्लीतून नेम धरणारा डॉनिफन होता, हे रहस्य उत्तरार्धात उलगडते. डॉनिफन नाव घेऊन हाक मारतो, पॉम्पी बंदूक त्याच्याकडे फेकतो, गोळी सुटते, बंदूक परत फेकली जाते. फेक अचूक आहे, झेलही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांनी फेकलेले चेंडू झेलले, त्याच्या हातून ही फेक व्हावी हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु कथानकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व सोडून देता येत नाही. एका माणसाने मारल्याची कीर्ती दुसऱ्याला मिळाली, हा चित्रपटाचा विषय मानला जातो. बंदूक हाती देणाऱ्या तिसऱ्या माणसाला हे सर्व ठाऊक होते आणि त्याने ते कधीही सांगितले नाही, याकडे मात्र लक्ष वेधले जात नाही. चौकटीच्या कथेत वृद्ध, पांढऱ्या केसांचा पॉम्पी डॉनिफनच्या शवपेटीजवळ एकटा बसलेला आहे. सिनेटर झालेला वकील जाता जाता त्याच्या हातात पैसे ठेवतो. स्ट्रोडचे हात ते घेतात. या घेण्यात कृतज्ञता नाही, रागही नाही. ते हात काय व्यक्त करतात याचे शब्दांत वर्णन करणे कठीण आहे, आणि हेच त्याच्या आंगिक अभिनयाचे सामर्थ्य होय.

त्यानंतरच्या चित्रपटांचा विचार थोडक्यात करता येतो. रिचर्ड ब्रुक्सच्या 'द प्रोफेशनल्स'मध्ये (१९६६) तो चार निष्णात माणसांच्या तुकडीतील धनुर्धर आहे. निग्रोबरोबर काम करण्यास कोणाची हरकत आहे काय, असा प्रश्न आरंभी विचारला जातो आणि विषय तेथेच संपतो. हे संपणे हेच त्या चित्रपटाचे धाडस. सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) प्रारंभी तीन मारेकरी स्थानकावर गाडीची वाट पाहतात. वरून पाण्याचा थेंब थेंब स्ट्रोडच्या टोपीवर पडतो. तो हलत नाही. पाणी साचल्यावर टोपी उतरवून तो ते पिऊन टाकतो. त्या दृश्यात शब्द जवळजवळ नाहीत, आणि गाडी आल्यानंतर थोड्याच वेळात त्याची भूमिका संपते. तरी चित्रपट पाहिलेला माणूस हे दृश्य विसरत नाही. लिओने हा इटालियन होता. स्ट्रोडचे मौन ही उणीव नसून शैली आहे, हे अमेरिकेबाहेरच्या दिग्दर्शकाला अधिक लवकर उमगले असावे. त्याच वर्षी व्हालेरिओ झुर्लिनी याने काँगोच्या पॅट्रिस लुमुंबाच्या बलिदानावर आधारलेल्या चित्रपटात त्याला मध्यवर्ती भूमिका दिली. छळ सोसणारा नेता म्हणून येथे तो प्रथमच संपूर्ण चित्रपटाचे ओझे उचलतो. पण झुर्लिनीने त्याला आरंभापासून ख्रिस्ताच्या मुद्रेत बसविले आहे. राजकारण मागे पडते आणि देह पुन्हा एकदा प्रतीक होतो. बर्लिनच्या प्रदर्शनापासून हा देह आदर्श होण्यातून सुटू शकलाच नाही.

पॉल रोबसनशी त्याची तुलना अपरिहार्य आहे. तोही महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय कीर्तीचा खेळाडू होता, तोही पुढे नट झाला. पण रोबसनला आवाज होता, विद्या होती, राजकीय मते उघडपणे मांडण्याची निर्भयता होती, आणि त्यापायी त्याने पारपत्र गमावले. स्ट्रोडने असा संघर्ष केला नाही. मिळालेल्या भूमिका त्याने केल्या. सिंहाची मिळाली तर सिंहाचीही. या सोशिकपणाला काही जण तडजोड म्हणतील. परंतु ज्या व्यवसायात कृष्णवर्णीय नटाला उभे राहण्याची जागा हा पहिला प्रश्न होता, तेथे कसे उभे राहावे हे त्याने दाखविले. त्या उभे राहण्यातून नंतरच्या नटांना कोणती वाट मिळाली, याचा अभ्यास अद्याप पुरेसा झालेला नाही.

उतारवयात वाचा त्याच्याकडे थोडी परत आली. मारिओ व्हॅन पीबल्सच्या 'पॉसी' (१९९३) या कृष्णवर्णीय घोडेस्वारांवरील चित्रपटात तो कथा सांगणारा वृद्ध आहे. पश्चिमेचा इतिहास कोणी कोणी वगळून लिहिला, हे तो कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो. आवाज तोच, जरा खडबडीत. पण सत्तरी उलटलेल्या देहातून येताना तो आता उणा वाटत नाही. ३१ डिसेंबर १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडोरा येथे त्याचे निधन झाले. 'द क्विक अँड द डेड' हा त्याचा अखेरचा चित्रपट १९९५ साली प्रदर्शित झाला आणि तो त्याच्याच स्मृतीस अर्पण करण्यात आला. त्यात त्याची भूमिका शवपेट्या करणाऱ्याची आहे: गावात येणाऱ्या प्रत्येक नेमबाजाकडे तो एकदा पाहतो आणि नजरेनेच त्याचे माप घेतो.